वाट निघून गेली त्या दिवशी

या रे सगळे पांघरुणात. बाबी, पाय आत घे. आणि मध्ये मध्ये हुंकार द्यायचा, बरं का. नाहीतर मी आपली भिंतीलाच गोष्ट सांगत बसायची.

एक होता राजा. पण ही त्याची गोष्ट नाही. त्याच्या राज्यात करवंदवाडी नावाची एक वाडी होती, आणि त्या वाडीत भागू नावाची एक आई राहायची. गोष्ट आहे ती तिची.

भागूला एकच लेक. मंजुळा तिचं नाव. डोंगरापलीकडच्या पाणसरे गावात दिलेली. मंजुळेला दिवस गेले तसा भागूला दुसरा उद्योगच उरला नाही. जुनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली. डिंकाचे लाडू वळले. खोबरं किसून, आटवून बाळाला चोळायला तेल काढलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून लेकीला आणायचा दिवससुद्धा ठरला होता.

पण तो दिवस यायच्या आधीच एका सकाळी पाणसऱ्याचा एक बाजारकरी घोडं दामटत भागूच्या दारात आला. म्हणाला, "भागूबाई, निघा बघू लगोलग. मंजुळेच्या पोटात दुखायला लागलंय. गाडीत घालून आणण्याजोगी नाही ती आता. सारखी आई आई करतेय."

भागूच्या हातांना भाकरीचं पीठ लागलेलं होतं. ते तिनं तसंच लुगड्याला पुसलं आणि गाठोडं बांधलं. दुपटी घेतली, लाडू घेतले, तेलाची बुधली घेतली. लेकीची ओटी भरायला नवा खण, नारळ आणि तांदूळ घेतले. हळदकुंकवाचा करंडा घेतला. तिचा दीर होता खंडू, त्यानं बैल जुंपले. आणि निघाली की गाडी!

आता वाट कशी होती, तर एकच आणि लांबच लांब. करवंदवाडीतून निघायची, डोंगराला वळसा घालायची, नदी ओलांडून पाणसऱ्याला जायची आणि तिथून थेट राजाच्या नगरापर्यंत. सगळं राज्य त्या एका वाटेवर चालायचं. नवऱ्या तिच्यावरून सासरी जायच्या, ऊस जायचा, कडबा जायचा, शेरडं जायची. राजाची पालखीसुद्धा तिच्यावरूनच. त्या दिवशी राजाही वाटेवर होता, बरं का. राणी माहेरी गेलेली, राजाला काही करमेना, म्हणून तिला आणायला स्वारी निघाली होती, आणि हे राज्यभर सगळ्यांना ठाऊक होतं.

तर खंडूची गाडी वेशीबाहेर पडली. बैल छान चालले होते. भागू मनात देवाला हात जोडत होती. आणि एकदम गाडीखालची वाट हलली.

खंडू म्हणाला, "वहिनी, भूकंप!"

पण तो भूकंप नव्हता. शेतं हलत नव्हती, झाडं हलत नव्हती. हलत होती नुसती वाट. चिखलात चालताना बाई लुगड्याचा काठ कसा उचलून धरते, तशी तिनं आपली एक कड उचलली. गाडी बैलांसकट अलगद घरंगळली आणि तुरीच्या शेतात जाऊन उभी राहिली. मग दुसरी कड उचलली. मागून एक तेलवाला येत होता, तो गेला बांधावर. मग वाटेनं अंग झटकलं. धुळीचा हा एवढा लोट उठला! आणि तो खाली बसतो न बसतो तोच सगळ्यांनी पाहिलं, की वाट उभी राहिलीय. खरंच उभी राहिलीय! आभाळाला टेकेल एवढी. मग ती वळली आणि सरसरसर करत डोंगराकडे निघून गेली.

 बैलांनी रवंथ थांबवला. खंडूच्या हातात कासरा तसाच, तोंड उघडं ते उघडंच. आणि जिथं वाट होती तिथं काय? काही नाही. बांधाला बांध चिकटलेला, मधे बाभळी, निवडुंग. जणू तिथून कधी माणूस गेलाच नव्हता.

तिकडे राजाची काय गत झाली? पालखी उडाली आणि राजा बाभळीच्या झाडात जाऊन बसला. मुकुट एका फांदीवर, महाराज दुसऱ्या फांदीवर. काटे कुठं कुठं टोचले ते मी सांगत नाही. राजा आधी घाबरला, मग भडकला. ओरडला, "वाट म्हणजे आमच्या पायाखालची! ती पळते म्हणजे काय? पकडा तिला! लोहाराकडून हातहातभर मेखा आणा आणि ठोका तिच्या अंगात. पुन्हा हलली नाही पाहिजे!"

त्याची ती आरोळी वाऱ्यावरून पार करवंदवाडीपर्यंत ऐकू आली. आणि तिनंच भागू भानावर आली.

तिच्या मनात आलं, वाट नाही म्हणजे माझी मंजुळा तिकडे आणि मी इकडे.  गाडीच्या चाकाला धरून तिनं खाली बसकण मारली.

खंडू म्हणाला, "वहिनी, घरी चला. आता कुणाला कुठं जाता येणार नाही."

भागू उठली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बैलांना घेऊन जा. मी शोधते तिला."

"वाटेला? वाटेला शोधायचं कोणत्या वाटेनं?"

ते भागूला कुठं माहीत होतं! पण गाठोडं डोक्यावर घेऊन ती निघाली. मग तिला दिसलं, की गवतावर धुळीचा एक पट्टा उमटलाय. वाट गेली तिकडे तिच्या अंगावरचं काय काय गळत गेलं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं हरवलेलं सगळं! फुटक्या बांगड्या, बैलाच्या गळ्यातली घुंगरं, एका पायातली वहाण, पोराच्या हातचा भोवरा. ते बघत बघत भागू चालू लागली.

मग तिला भेटला एक मेंढपाळ. काठी टेकून उभा होता आणि त्याची सगळी मेंढरं एका झाडाखाली गोळा होऊन थरथरत होती.

भागूनं विचारलं, "दादा, इकडून वाट गेली का हो?"

मेंढपाळानं मान हलवली.  भागूनं त्याला पाणी पाजलं तेव्हा म्हणाला, "आक्का, मी रानात जन्म काढला. वाघ बघितला, लांडगा बघितला. पण वाट चालताना नाही बघितली कधी! माझ्या अंगावरून गेली असती. पण एक कोकरू मधे आलं, तर थांबली. त्याच्या भोवतीनं वळसा घालून गेली. नदीकडं."

मग भागू नदीवर आली. तिथं एक परटीण गुडघाभर पाण्यात उभी. हातात एकच धोतर, आणि ती ते पिळतेय, पिळतेय, पिळतेयच. त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता.

भागू म्हणाली, "अगं बाई, फाटेल ना ते!"

"फाटू दे," परटीण म्हणाली. "मघाशी काय झालं सांगू? नदी एकदम गढूळ झाली. मी म्हटलं, म्हशी घातल्या कुणीतरी. वळून बघते तर वाट! अख्खी वाट पाण्यात उतरलेली.  ती अंग धूत होती गं. घासघासून धूत होती. पाहुण्याच्या घरी जायच्या आधी आपण धुतो ना, तसं."

"मग कुठं गेली?"

परटिणीनं डोंगराकडे बोट दाखवलं आणि पुन्हा धोतर पिळायला लागली.

डोंगराच्या पायथ्याशी एक बैरागी बसलेला होता. त्यानं मौन धरलेलं. किती वर्षांचं म्हणाल, तर त्याचा आवाज कसा आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. भागूनं त्याला नुसता नमस्कार केला आणि पुढं निघाली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अगं बाई, बाई, बाई!"

भागूनं दचकून मागं पाहिलं. बैरागीच बोलत होता! त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं, की त्यानं तोंडावर हात ठेवला. मग बोटांच्या फटीतून म्हणाला, "मौन तर मोडलंच आता. माई, ती वर गेलीय. झऱ्यापाशी. आणि रडतेय. मी इतकी वर्षं देवाचा आवाज ऐकायला बसलो होतो, आणि आज ऐकू आलं ते वाटेचं रडणं. जा लवकर."

भागूला धाप लागली होती, करवंदीच्या काट्यांनी पाय ओरबाडले होते. पण ती डोंगर चढली. आणि झऱ्यापाशी येऊन तिनं जे बघितलं ना, त्यानं तिच्या डोक्यावरचं गाठोडंच खाली पडलं.

वाट तिथं बसली होती. एवढी मोठी वाट, पण घडी करकरून, अंग चोरून बसलेली. तिच्यावर चाकोऱ्यांच्या भेगा पडलेल्या. बैलांच्या, घोड्यांच्या, माणसांच्या पावलांचे ठसे. आणि हुंदका आला की तिचे खडे एकमेकांवर वाजायचे.

भागूला भीती वाटायला हवी होती, नाही का? पण तिला आला राग. ती म्हणाली, "तू इथं बसलीस होय! तिकडे माझी लेक कळा देतेय. ऊठ! आपल्या जागी चल!"

झालं! वाट दचकली आणि आक्रसली. गाडीवाट होती ती पायवाट झाली.

मग भागू घाबरली. हात जोडून म्हणाली, "बाई गं, पाया पडते तुझ्या. काय हवं ते माग. पण चल."

तर वाट आणखीच आक्रसली. शेळीसुद्धा जाणार नाही एवढी बारीक झाली.

आता काय करावं? आणखी एक शब्द चुकला तर वाट दोऱ्याएवढी होईल आणि मग दिसेनाशीच होईल. भागू गप्पच बसली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं वाटेच्या कडेवर हात ठेवला. कड तापली होती. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी. भागूनं हळूच विचारलं, "काय झालं गं, बाळा?"

आणि वाट बोलली. तिचा आवाज खरखरीत होता. "मी माहेरी आलेय."

भागूला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस?"

"सगळ्या जणी माझ्यावरून माहेरी जातात. सासरी जाताना रडतात आणि माहेरी जाताना हसतात. मी रोज ऐकते. मला वाटायचं, मलाही असेल की माहेर. या झऱ्यावर पाण्याला येणाऱ्यांच्या पावलांनीच मी पहिल्यांदा उमटले, म्हणजे इथं कुणीतरी असेल. म्हणून आज आले. अंग धुऊन आले. आणि इथं बघ. नुसता दगड आहे आणि पाणी आहे. कुणीच नाही. लोक माझ्यावर उभे राहून एकमेकांची वाट बघतात. माझी कोण बघणार?"

 भागूला आपली मंजुळा आठवली. माहेरी यायचं म्हणून दिवस मोजत बसलेली मंजुळा, आणि तिला येता आलं नाही.

खालून डोंगराच्या पायथ्याशी ठण् ठण् असा आवाज यायला लागला होता. राजाची माणसं मेखा घेऊन निघाली होती. ऊन कलायला लागलं होतं. पण भागूनं काय केलं? तिनं खाली बसून गाठोडं सोडलं. बाळासाठी आणलेली तेलाची बुधली काढली आणि वाटेच्या भेगांत तेल ओतून चोळायला लागली. सावकाश, अंगठ्यानं दाबत दाबत. सासरहून आलेल्या लेकीचे पाय चोळतात तसे. वाट आधी ताठ होती. मग सैल पडली. मग तिनं एक मोठा श्वास सोडला आणि तिची एक घडी उलगडली. मग भागूनं तिला हळदकुंकू लावलं. आणि मंजुळेसाठी आणलेला तो खण, तो नारळ, ते तांदूळ, सगळं दोन्ही हातांनी वाटेच्या अंगावर ठेवून तिची ओटी भरली.

म्हणाली, "आजपासून तू माझी थोरली. मंजुळा धाकटी. करवंदवाडीत माझं घर हे तुझं माहेर. वर्षातनं एकदा यायचं. मी दारात उभी असेन. कळलं?"

 वाट अगदी हळू म्हणाली, "आई, बस माझ्यावर. धाकटीला फार दुखत असेल."

आणि बाळांनो, ती वाट जी उलगडली! भागूला मांडीवर घ्यावं तसं घेतलं आणि डोंगरावरून खाली झेप घेतली. वारा कानात घोंघावतोय, झाडं मागं पळतायत. भागूनं डोळे गच्च मिटले, गाठोडं पोटाशी धरलं आणि "अगं हळू, अगं हळू!" ओरडत राहिली. बैरागी पुन्हा एकदा "अगं बाई, बाई!" म्हणाला.

पण पायथ्याशी आल्यावर वाट थबकली आणि थरथर कापायला लागली. समोर राजा उभा होता. अंगरखा फाटलेला, केसांत बाभळीचे काटे. मागं शिपाई, आणि एकेकाच्या हातात हातभर लांबीची मेख.

राजा म्हणाला, "सापडली! म्हातारे, उतर खाली. ठोका रे!"

भागू उतरली. पण बाजूला नाही झाली. दोन्ही हात पसरून पुढं उभी राहिली.  राजाशी ती जन्मात बोललेली नव्हती.

"महाराज, माहेरवाशीण आहे ती. तिला खिळे कसे ठोकता?"

"वाटेला कुठलं आलंय माहेर!"

"मी आहे ना. मी, करवंदवाडीची भागू, तिची आई. माझ्या धाकट्या लेकीच्या बाळंतपणाला निघालोय आम्ही."

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाच्या हातातली मेख निसटून त्याच्याच पायावर पडली. राजा म्हणाला, "वेडी आहेस तू. वाट अशी निघून गेली तर राज्य चालायचं कसं?"

भागू म्हणाली, "महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. राणीसाहेब माहेरी गेल्यात तर तुम्हाला करमेना. पालखी काढून त्यांना आणायला निघालात. त्या जाताना त्यांच्या पायात मेखा ठोकल्या होत्या का तुम्ही?"

 असं राजाशी कुणी कधी बोललं नव्हतं. शिपायांना वाटलं, आता हिचं मुंडकं उडणार. पण राजा वाटेकडे बघत होता. तिच्या अंगावरचं हळदकुंकू, तेल, तांदूळ बघत होता. मग त्यानं खाली वाकून वाटेवर हात ठेवला. म्हणाला, "ही तर भाजतेय. एवढी तापते? मी कधी पाय खालीच टेकला नाही, मला काय कळणार."

मग त्यानं शिपायांकडे वळून पाहिलं. "मेखा नदीत टाका. आणि म्हातारे... माझं चुकलं, भागूबाई, जा तुम्ही. लेक वाट बघत असेल."

वाट पुन्हा सुटली. नदी ओलांडली. परटिणीच्या हातून धोतर शेवटी फाटलंच.

पाणसऱ्यात मंजुळेची सासू अंगणात येरझाऱ्या घालत होती. वाट नाही, वैदूला आणता येईना, सुईण एकटी आत, आणि मंजुळेचं आई आई चाललेलं. सासूनं वर पाहिलं, तर एक अख्खी वाट वेशीतून आत आली, घरांना वळसे घालत अंगणाशी येऊन टेकली, आणि तिच्यावरून विहीणबाई खाली उतरल्या! सासूबाई मटकन तुळशीकट्ट्यावरच बसल्या. म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही आलात की वाट आली?"

"दोघी आलो," भागू म्हणाली आणि धावत आत गेली.

मंजुळा घामानं भिजली होती. आईचा हात हातात आला तशी तिनं तो गच्च धरला. म्हणाली, "आई, लोक म्हणाले वाटच नाहीये. मला वाटलं, तू नाहीच येत आता."

"येणार नाही तर जाईन कुठं? हं, आता जोर कर, माझी बाय."

मंजुळेनं एकदा जोर केला. दोनदा केला. तिसऱ्यांदा केला आणि बाळाचं पहिलं रडणं सगळ्या अंगणानं ऐकलं. मुलगी झाली होती! काळीभोर, मुठी आवळलेली. बाहेर वाट इतकी खूष झाली, की तिच्यावरचे सगळे खडे वाजले.

भागूनं बाळाला अंघोळ घातली. मग ओशाळून म्हणाली, "मंजुळे, तुझ्या ओटीचं सगळं मी बाहेरच्या वाटेला देऊन आले गं, थोरली लेक मानून. बाळाचं तेलसुद्धा."

मंजुळेनं खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणाला अंग घासून पडलेल्या वाटेकडे ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. मला थोरली बहीण नव्हतीच ना."

मग वाट आपल्या जागी जाऊन निजली. खंडूची गाडी तुरीतून बाहेर निघाली, तेलवाला बांधावरून उतरला, आणि राजा राणीला आणायला गेला. पालखीतून नाही हो, पायी. राणीनं दार उघडलं आणि धुळीनं माखलेला राजा बघून तीही आ वासून उभी राहिली.

तेव्हापासून त्या राज्यात वर्षातला एक दिवस ठरला. त्या दिवशी गाडी जुंपायची नाही, घोडा काढायचा नाही, पालखी उचलायची नाही. सगळ्यांनी आपापल्या घरी बसायचं. पुरणपोळी करायची. कुणी परका आलाच आणि म्हणाला, "अहो, इथली वाट कुठं गेली?" तर लोक सांगायचे, "माहेरी गेलीय. उद्या या." आणि करवंदवाडीत भागू दारात उभी असायची. हातात तेलाची वाटी, कडेवर नात. वाट यायची, अंगणात अंग टाकायची, आणि भागू तिचे पाय चोळत बसायची.

भागू सुखी झाली, मंजुळा सुखी झाली. बैरागी तर एवढा बोलायला लागला, की लोक त्याला टाळायला लागले. तोही सुखीच होता म्हणा.

आता वाटेलासुद्धा झोप आलीय. तिच्यावर कुणी चालायचं नाही, कुणी बोलायचं नाही. बाबी, तू तर केव्हाच हुंकार थांबवलास. डोळे मिटा रे बाकीचे. मी चोळते पाय एकेकाचे.